सहीपुरता बाप

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या घरात ‘पाहुणा’ म्हणतात. हे नाव घटस्फोटानंतर पडलेलं नाही. संसार चालू होता तेव्हाही तो तसाच राहायचा. आयता चहा, आयता धुतलेला टॉवेल आणि निघताना दार ओढून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्याने ते दार शेवटचं ओढून घेतलं. घरात फारसा फरक पडला नाही. धुण्यात एक टॉवेल कमी झाला.

मुलीला सगळे ‘पाल’ म्हणतात आणि तिला ते आवडतं, कारण ती भिंतीवर चढते. गोदामासारख्या एका हॉलमध्ये छतापर्यंत भिंती उभ्या केल्या आहेत, त्यांवर रंगीत खुंट्या बसवल्या आहेत, आणि पंधरा वर्षांची ही पोरगी कमरेला दोर बांधून त्या खुंट्यांना बोटांच्या टोकांनी लटकते. बघणारे डोळे मिटून घेतात. तिला काही होत नाही. खाली उतरली की भूक लागते, तेवढंच.

मी तिची मावशी. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. दिवसभर माझ्या टेबलावर लोकांच्या जबड्यांचे साचे आ वासून पडलेले असतात, त्यामुळे मोठ्याने बोलणाऱ्यांचा मला फारसा धाक वाटत नाही. माझी बहीण, ताई, एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्याची मुख्य आहे. आम्ही तिघी एकाच इमारतीत राहतो, त्या दोघी वर, मी खाली.

त्या वर्षी पालीच्या कोचबाईंनी तिची एका शिबिरासाठी निवड केली. चार मुलं, महिनाभर परदेशात, तिथल्या मोठ्या भिंतींवर सराव आणि शेवटी स्पर्धा. आईबाप बरोबर नाहीत, फक्त कोचबाई. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद ठेवला. संमतीपत्र. आम्ही, अमुक मुलीची आई आणि अमुक मुलीचा बाप, आमच्या अज्ञान अपत्याला अमक्या बाईंबरोबर अमक्या देशात जायला राजीखुशीने परवानगी देत आहोत. खाली दोन सह्या, दोन्ही नोटरीसमोर.

“वडील वारले असतील तर दाखला चालतो,” कोचबाई म्हणाल्या. “वेगळे झाले असतील तर कोर्टाच्या निकालात काय लिहिलंय ते बघावं लागतं.”

ताईच्या निकालात लिहिलं होतं, दोघांचा समान हक्क. तेव्हा तिला भांडायचा कंटाळा आला होता, म्हणून ते कलम तिने तसंच राहू दिलं होतं. समान हक्क म्हणजे काय, तर ताप आला की जागरण हिचं, शाळेने बोलावलं की रजा हिची, आणि सहीची वेळ आली की हक्क त्याचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त या नागोबाला बिळाचा पत्तासुद्धा नीट माहीत नव्हता.

“तूच फोन कर त्याला,” ताई म्हणाली. “मी केला तर भांडण होईल.”

मला ते समंजसपणाचं वाटलं. मी फोन लावला.

“अरे वा,” पाहुणा म्हणाला. “आज कशी काय आठवण झाली?”

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मधूनमधून ‘हं’ म्हणत होता, डॉक्टर म्हणतात तसं.

“म्हणजे सगळं ठरलं, आणि आता बापाची गरज पडली.”

बापाची नाही, सहीची, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी म्हणाले, “तुम्हाला विचारल्याशिवाय कसं ठरेल, भावोजी?” तो ‘भावोजी’ मला संध्याकाळपर्यंत घशात टोचत राहिला.

“मसुदा पाठव,” तो म्हणाला. “कायदेशीर बाजू मी बघतो.”

पाहुणा विमा विकतो. लोकांना आधी मरणाची भीती घालायची आणि मग हप्ता ठरवून द्यायचा, हा त्याचा धंदा. कायद्याशी त्याचा संबंध एवढाच की पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं त्याला गिऱ्हाइकाच्या आधी दिसतात. पण मसुदा मिळताच त्याच्यात न्यायमूर्ती संचारले. चार दिवसांनी कागद परत आला तो लाल खुणांनी भरून. वडिलांचं नाव आईच्या नावाआधी हवं. मुलीने रोज वडिलांना फोन करावा. आणि खाली एक नवीन कलम, त्याने स्वतः रचलेलं: ‘शिबिराच्या काळात सदर मुलगी कोणत्याही धोकादायक उंचीवर चढणार नाही, या अटीवर.’

कोचबाई रुंद खांद्यांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ते कलम दोनदा वाचलं.

“मग ती तिथे करणार काय?” त्यांनी विचारलं. “भिंत पुसणार?”

मी ताईला कागद दाखवला. मला वाटलं ती भडकेल. तिने नुसती मान हलवली.

“त्याचं चुकीचं नाही अगदी,” ती म्हणाली. “काळजी वाटते माणसाला.”

गेली कित्येक वर्षं पाहुण्याचं काही ‘चुकीचं नाही’ असं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. थकली असेल, म्हणून मी सोडून दिलं.

त्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं. ताईला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि पाल गेलो. काचेची खोली, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर खरी धूळ. भिंतीवर सहा-सात प्रशस्तिपत्रकं, सगळी त्याच्याच कंपनीने त्यालाच दिलेली. खुर्च्या अशा की समोरचा थोडा खाली बसावा.

“किती मोठी झालीस,” तो पालीला म्हणाला. “कितवीत आहेस आता?”

तिने सांगितलं.

“मागच्या वेळी भेटलो तेव्हा तुझे केस लांब होते.”

“मागच्या वेळी मी दुसऱ्या शाळेत होते,” ती म्हणाली आणि बोटांची सुटलेली सालं काढत बसली.

मग त्याने भाषण सुरू केलं. परदेश म्हणजे काय, परकी माणसं म्हणजे काय, आकडेवारी काय सांगते. हातवारे करत होता, आणि समोर आम्ही दोघी गिऱ्हाइकासारख्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण हे पाणी तर पायाचा अंगठासुद्धा बुडणार नाही एवढंच. शेवटी तो पुढे झुकला.

“बाप म्हणून मला एकच भीती वाटते. उद्या तू परत आलीच नाहीस तर?”

पालीने मान वर केली. “मी आले नाही, तर तुम्हाला कळवणार कोण?”

तिने ते उद्धटपणे विचारलं नाही. खरोखर शंका आल्यासारखं विचारलं. पाहुणा हसला. दात खरंच चांगले आहेत त्याचे. एखाद्याला सगळीकडेच कमी मिळतं असं नाही.

“विचार करून सांगतो,” तो म्हणाला.

बसची वाट बघताना पाल म्हणाली, “मावशी, ते नाही म्हणणार नाहीत. हो पण म्हणणार नाहीत. त्यांना मध्येच बरं वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“भिंतीवर पण असतात अशी मुलं. अर्ध्यावर जातात आणि दोराला लटकून बसतात. खालचे सगळे आपल्याकडे बघतायत ना, मग झालं.”

घरी आलो तर ताईने दारातच विचारलं, “काय म्हणाला?”

“विचार करतो म्हणाला.”

“करू दे,” ती म्हणाली आणि पालीचे बूट उचलून जागेवर ठेवले. “घाई करून चालत नाही अशा गोष्टीत.”

पाहुण्याचा विचार चालूच राहिला. फोन केला की मीटिंगमध्ये असायचा. व्हिसाच्या खिडकीवरची तारीख जवळ येत होती. मी लॅबमधून अर्धा दिवस काढून कोर्टात गेले. बापाच्या सहीशिवाय परवानगी मिळते का, हे विचारायला. खिडकीमागच्या कारकुनाने शांतपणे समजावलं. अर्ज करायचा, त्याला नोटीस जाणार, तो वकील लावणार, वकील तारीख मागणार, तारीख मिळणार.

“आणि निकाल?”

“लागेल ना. पण तोवर मुलगी सज्ञान होईल. मग कुणाच्याच परवानगीची गरज नाही.”

हा दिलासा त्याने अगदी मनापासून दिला. त्याच्या पाठीमागे फायलींचे गठ्ठे छताला टेकले होते. त्यातली किती मुलं एव्हाना म्हातारी झाली असतील कोण जाणे.

परत येताना मला कोचबाईंचा फोन आला. चार मुलं परदेशी जाणार म्हणून वर्तमानपत्रवाला भिंतीवर फोटो काढायला येणार होता, पालीला स्वच्छ टी-शर्ट घालून पाठवा, एवढाच निरोप. मी फूटपाथवर उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कायदा गेला खड्ड्यात. माणसाला कुठे खाज सुटते ते कळलं की पुरे.

मी पाहुण्याला संदेश पाठवला: ‘भावोजी, पेपरात मुलांची बातमी येणार आहे. संमती दिलेल्या पालकांची नावंही विचारतायत. तुमचं नाव कसं लिहायचं?’

मीटिंग ताबडतोब संपली. “उद्या किती वाजता यायचं?” त्याने विचारलं. “आणि ते उंचीचं कलम राहू दे. मी सहज सुचवलं होतं.”

नोटरीचं दुकान झेरॉक्सवाला आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मध्ये. टेबलावर काच, काचेखाली जुनी व्हिजिटिंग कार्डं, बाजूला शिक्क्यांची उतरंड. नोटरी पेंगुळलेल्या डोळ्यांचा, पण शिक्का हातात आला की एकदम जागा व्हायचा. ताई कामावरून थेट आली होती. पाहुणा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सुगंधाने ते सगळं दुकान भरून गेलं.

त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं, मनगट झटकलं आणि सही केली. सही कसली, मिरवणूक होती ती. पहिलं अक्षर मजकुराच्या शेवटच्या ओळीवर चढलं, शेवटचं पानाच्या कडेला जाऊन धडकलं, आणि खालून ओढलेली रेघ आईसाठी ठेवलेल्या जागेतून आरपार गेली.

नोटरीने कागद उचलून उजेडात धरला. “आईंनी कुठे सही करायची?”

“मागच्या बाजूला करू दे,” पाहुणा म्हणाला.

“मागच्या बाजूला चालत नाही. नवीन प्रत काढून आणा.”

“माझी सही अशीच आहे. बँकेतसुद्धा अशीच आहे.”

“बँकेत तुमच्या शेजारी कुणाला जागा लागत नाही,” नोटरी म्हणाला. “आणि आज आता मला कोर्टात जायचंय. उद्या या.”

माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली होती. ताई मात्र बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती, दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर पुढे ढकलल्याचं समजलेला माणूस बसतो तशी. “असू दे,” ती म्हणाली. “उद्या येऊ.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे हजर. ताई पुन्हा कामावरून थेट, पाल शाळेतून थेट. पाहुण्याने यावेळी सही आवरून केली, पाय दुखणाऱ्या बुटातून चालावं तशी. नोटरीने कागद ताईकडे सरकवला आणि ओळखपत्र मागितलं. ताईने पर्स उघडली. रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या, गोळ्यांचं पाकीट, कंगवा, बसचा पास. ओळखपत्र निघालं नाही.

“घरी राहिलं वाटतं,” ती म्हणाली.

“बघा,” पाहुणा म्हणाला. “कागदपत्रांच्या बाबतीत शिस्त लागते.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला. नोटरीने समजूतदारपणा दाखवला. वडिलांची सही झाली आहे, आईंनी उद्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत ओळखपत्र घेऊन यावं, पुरे. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिसाची तारीख होती. म्हणजे उद्याचीच काय ती मुदत.

बाहेर आलो. ताई पुढे चालत होती, आणि तिच्या चालण्यात गेल्या कित्येक आठवड्यांत नव्हता एवढा हलकेपणा होता. माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा पाल चुकचुकली, आणि ती माझी भाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. कुणीतरी दुसऱ्या बाईने उचलून सांगितलं की इस्त्रीचं मशीन बिघडलंय, ताईंना आज उशीर होईल. मी हातातला मेणाचा साचा तसाच ठेवला आणि हॉटेलवर गेले.

मागच्या दाराशी रखवालदाराने मला अडवलं. “ओळखपत्र?”

मी दाखवलं. “बहिणीला भेटायचंय. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटं असो की आठ तास. ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाही. धुलाईच्या ताईंना विचारा, इतकी वर्षं झाली, त्यांनासुद्धा रोज सरकारी ओळखपत्रच दाखवावं लागतं.”

रोज दाखवावं लागतं. म्हणजे काल, कामावरून थेट नोटरीकडे येताना, ते तिच्यापाशीच होतं.

धुलाईखाना तळघरात. वाफ, साबणाचा उग्र वास, फिरणाऱ्या यंत्रांची घरघर. इस्त्रीचं मशीन व्यवस्थित चालू होतं. ताई लांब टेबलाशी चादरी घड्या करत होती. मला बघून ती दचकली नाही. तिने चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, लहानपणापासून देते तशी, आणि मीही सवयीने धरली.

“ओळखपत्र कुठे आहे, ताई?”

“पर्समध्ये.”

“आणि काल?”

“कालही पर्समध्येच होतं. आतल्या कप्प्यात.”

आम्ही चादर ताणली, मधोमध दुमडली. घडी घालताना दोन माणसांना एकमेकांजवळ यावंच लागतं. ती जवळ आली, माझ्या हातातली टोकं घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

“कोचबाई मला एकदा बाजूला घेऊन बोलल्या होत्या,” ती म्हणाली. “तिथे मोठी अकादमी आहे. शिबिरातल्या एखाद्या मुलाला ते ठेवून घेतात. शाळा, राहणं, सगळं तिथेच. वर्षानुवर्षं.”

“मग?”

“मग काय. तू बघितलंयस तिला चढताना. तिलाच घेणार.”

“मग कोचबाईंना तेव्हाच नाही म्हणायचंस.”

“मी कशाला म्हणू? तो होता ना नाही म्हणायला.”

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू सगळं जागेवर बसलं. मला करायला लावलेला फोन, ‘घाई करून चालत नाही’, ते धोकादायक उंचीचं ‘चुकीचं नाही’.

“मला वाटलं तो अडवेल,” ताई म्हणाली. “नेहमी अडवतो. घर घेताना अडवलं, मी नोकरी बदलत होते तेव्हा अडवलं, घटस्फोटसुद्धा वर्षभर अडवला. आयुष्यात एकदाच मी त्याच्यावर भरवसा टाकला, धाकटे, आणि नेमका तेव्हाच तो सुधारला.”

ती हे गंमत म्हणून बोलत नव्हती. मला मात्र हसू आलं, आणि ते आवरेना. ताईने उशीचा एक ओला अभ्रा माझ्या अंगावर फेकला.

“हस. तुला पोर असतं म्हणजे कळलं असतं.”

“पोर नाही, पण डोळे आहेत,” मी म्हणाले. “कोर्टाच्या पायऱ्या मी चढले. त्या माणसाला ‘भावोजी’ म्हटलं मी, तेही वेळोवेळी. आणि तू बाकावर बसून वाट बघत होतीस की तो कधी एकदाचा आपल्या लायकीला उतरतोय. तो दार अडवून उभा होता, ठीक आहे, त्याचा स्वभाव आहे. तू त्याच्या पाठीमागे लपली होतीस.”

“तो तसाही वाईटच आहे. अजून थोडा वाईट ठरला असता तर काय बिघडलं असतं?”

“त्याचं काही नाही. पालीचं बिघडलं असतं. तिने जन्मभर चुकीच्या माणसाचा राग केला असता.”

ताईने पुढची चादर उचलली. यावेळी टोकं माझ्या हातात दिली नाहीत. एकटीच घडी घालत राहिली, आणि ती घडी वाकडी आली. मी तिची पर्स खुंटीवरून काढून तिच्या खांद्याला अडकवली.

“घरी चल. आधी तिला सांग, मग सही कर किंवा करू नको.”

घरी पाल जेवणाच्या टेबलाशी बसून बोटांना पट्ट्या गुंडाळत होती. आम्हाला दोघींना एकत्र आलेलं बघून तिने कात्री खाली ठेवली.

“सापडलं का ओळखपत्र?”

“सापडलं,” ताई म्हणाली.

“कुठे होतं?”

ताई उत्तर द्यायच्या आधी पाणी प्यायली. अख्खा ग्लास, उभ्याने. “पर्समध्येच होतं.”

“माहितीये मला. काल तू सगळी पर्स उपसलीस, पण आतल्या कप्प्याची चेन उघडलीच नाहीस. मी शेजारीच होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला बघायचं होतं तू कधी बोलतेस.”

ताई खुर्चीवर बसली. तिने अकादमीचं सांगितलं, मुलं ठेवून घेतात तेही सांगितलं. पाल ऐकत होती. तिचा चेहरा भिंतीसमोर उभी राहून वाट शोधताना होतो तसा झाला होता.

“तुला सही करायची नसेल तर नको करू,” ती शेवटी म्हणाली. “मी घरातून पळून बिळून जाणार नाही. पण कोचबाईंना मी खरं काय ते सांगणार. बाबांनी दोनदा सही केली, आईने एकदाही नाही केली.”

माझी बहीण आयुष्यात पुष्कळ काय काय ऐकून बसली आहे. सासू, वकील, हॉटेलचे मॅनेजर, सगळ्यांचं. पण पाहुण्याच्या शेजारी उभं करून तिची उंची कुणी मोजली नव्हती, आणि मोजून ती कमी भरली नव्हती. तिच्या गालांवर लाल डाग उठले. ती उठली, पर्स उचलली आणि जिना उतरायला लागली. आम्ही दोघी मागे.

नोटरी शटर ओढण्याच्या बेतात होता.

“बाई, कागदपत्रांची कामं वेळेवर करावीत,” तो म्हणाला. “ऐनवेळी धावपळ बरी नाही.”

“शटर अजून अर्धं वर आहे,” ताई म्हणाली. “शिक्का काढा.”

तिने ओळखपत्र काचेवर आपटून ठेवलं आणि सही केली. शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर वेगळं, दिलेल्या जागेत नेमकी बसलेली. पाहुण्याच्या सहीपेक्षा तिची सही वाचता तरी येत होती. नोटरीने शिक्का मारला आणि पालीकडे बघून म्हणाला, “एवढ्याशा पोरीसाठी एवढा खटाटोप.”

पुढचं सगळं सुरळीत झालं. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यात चारही मुलं भिंतीवर चढत होती, त्यामुळे वाचकांना दिसल्या त्या चार पाठी. सकाळीच पाहुण्याचा फोन.

“माझं नाव कुठे आहे?”

“जागा उरली नसेल, भावोजी,” मी म्हणाले. “कुणाची तरी सही फार मोठी झाली असेल.” यानंतर त्याने मला फोन केलेला नाही.

विमानतळावर ताई रडली नाही. तिने कोचबाईंना विचारलं की तिथे चादरी किती दिवसांनी बदलतात, आणि उत्तर ऐकून नाक मुरडलं. मग पाल काचेपलीकडे गेली. नंतर कोचबाईंनी सांगितलं ते असं. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर त्यांनी संमतीपत्रांची चारही पाकिटं मांडली, आणि तो म्हणाला, राहू द्या, आज गर्दी आहे. त्याने एकही कागद उघडला नाही. कोर्टाचा कारकून, नोटरी, पाहुण्याचा कडक इस्त्रीचा शर्ट, सगळं त्या गर्दीत वाहून गेलं.

तो महिना ताईने अकादमीला नकार कसा द्यायचा याची तयारी करण्यात घालवला. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची आणि नवीन मुद्दा सांगायची. शिक्षणाचं काय. भाषेचं काय. आजारी पडली तर काय. मी कवळी घासत ‘हं’ म्हणायचे. सगळे मुद्दे चांगले होते. पाहुण्याचेही असेच होते, पण हे मी तिला सांगितलं नाही.

पाल परतली त्याच्या आदल्या दिवशी कोचबाईंचा फोन आला. अकादमीने एका मुलाची निवड केली होती. त्या चौघांतला जो मुलगा कधीच काही बोलत नाही, त्याची. पाल स्पर्धेत सातवी आली होती. ताईने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. मला वाटलं सुटली बिचारी, आता निवांत झोपेल.

पाल आली ती वाळून, उन्हाने रापून, बोटांची पार वाट लावून. पहिला दिवसभर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर ती ब्रेड खात बसली होती, आणि ताई खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडे कोचबाई होत्या.

“उंची कमी पडते म्हणजे काय?” ताई म्हणत होती. “पाय काय ओढून लांब करायचे का तिचे? आणि त्या मुलाच्या उंचीचं कौतुक मला सांगू नका, बांबूसुद्धा उंच असतो. त्यांनी तिला चढताना नीट बघितलं का? किती वेळ बघितलं? नाही, मला तुम्ही सांगाच.”

पालीने घास गिळला. “आई, तू तर मला पाठवणारच नव्हतीस ना?”

ताईने फोन छातीशी धरला. “नव्हतेच पाठवणार.”

“मग आता काय झालं?”

“मी नाही म्हणणं वेगळं आणि त्यांनी नाही म्हणणं वेगळं,” ताई म्हणाली. “मागायला तरी हवी होती त्यांनी.” आणि फोन पुन्हा कानाला लावला. “हां, बोला. कोण होते म्हणालात निवड करणारे? त्यांचं नाव सांगा मला.”

पालीने माझ्याकडे बघितलं, उरलेला ब्रेड तोंडात कोंबला, सरावाची पिशवी खांद्यावर टाकली आणि हळूच बाहेर पडली. ताईला कळलंही नाही. ती कोचबाईंना त्या अकादमीत एकालाही काडीची अक्कल नसल्याचं समजावून सांगत होती, आणि कोचबाई, मला वाटतं, एव्हाना फोन बाजूला ठेवून दुसरं काही करत असाव्यात.